लहान मराठी वेबसाइटवर खरंच कोणी कमावतंय का? (विषय: खान्देशी पदार्थांची साइट)

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. मी भडगावची. खान्देशी पदार्थांची एक छोटी वेबसाइट चालवते. आई, मावश्या आणि सासूबाईंकडून वदवून घेतलेल्या कृती, वजनमापासकट. कळण्याची भाकरी, बिबडे (ज्वारीचे वाळवलेले पापड), फौजदारी डाळ, पाटोडीची आमटी, खापरावरचे मांडे असं बरंच आहे. फोटो मीच काढते. वर्डप्रेसवर आहे, डोमेन विकत घेतलेलं आहे.

लोक येतात. श्रावणात कानबाई या आमच्या देवीच्या सणाआधीचा आठवडा तर तिच्या नैवेद्याच्या रोटांचं पान नुसतं धो धो चालतं. पण ॲडसेन्सचे, म्हणजे गूगल साइटवर दाखवतो त्या जाहिरातींचे, पहिले शंभर डॉलर जमायलाच वर्ष उलटून गेलं, आणि शंभर झाल्याशिवाय ते खात्यात येत नाहीत. आले ते डोमेन आणि होस्टिंगच्या नूतनीकरणातच गेले. आता एका कंपनीचा माणूस मागे लागलाय: महिन्याला आठ हजार द्या, गूगलच्या पहिल्या पानावर आणून ठेवतो.

प्रश्न सरळ आहे. फक्त जाहिरातींवर लहान मराठी साइट चालते का? नसेल चालत, तर दुसरा रस्ता काय? "छंद म्हणून करा" एवढं मात्र कोणी सांगू नका, ते माझी नणंद रोज सांगते.

तिरळा_कावळा
नणंदेला सभासद करून घ्या.

आठ हजारवाल्याबद्दल: असाच एक माझ्या दुकानात आला होता. मी म्हटलं, तुझ्या कंपनीचं नाव न टाकता "जळगाव वेबसाइट बनवणारे" एवढंच शोध, तू कितव्या पानावर आहेस बघू. दोघांनी मिळून चौथ्या पानापर्यंत शोधलं. मग त्याला चहा पाजला आणि मोकळं केलं.

जुना_वेबवाला
ताई, आठ हजार देऊ नका. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच्याच मार्गदर्शनात लिहून ठेवलंय.

ॲडसेन्सचं गणित समजून घ्या म्हणजे स्वतःला दोष देणं थांबेल. तुमच्या पानावरच्या प्रत्येक जागेसाठी जाहिरातदार बोली लावतात. कर्ज, विमा, परदेशी शिक्षण या इंग्रजी पानांवर बोली चढते, कारण तिथे एक गिऱ्हाईक सापडलं तरी त्यांचे हजारो रुपये सुटतात. पाटोडीची आमटी शोधणाऱ्या बाईला कोण काय विकणार? फार तर मिक्सर. ॲडसेन्सनं हिंदीला 2014 च्या अखेरीस अधिकृत जागा दिली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे मराठी पानांसाठी बोली लावणाऱ्यांचा बाजारच तरुण आहे. तुमच्यासारख्या साइटला जाहिरातीवर घर चालवायचं तर महिन्याला लाखांनी पानं उघडली गेली पाहिजेत. त्यात आता गूगल वरच्या वर स्वतःच उत्तर लिहून देतो. "कळण्याला उडीद किती" एवढंच ज्याला हवंय तो तुमच्या दारापर्यंत येतच नाही.

पैसे न देता करण्यासारखं एक काम आहे. सर्च कन्सोल हे गूगलचं साइटवाल्यांसाठीचं साधन उघडा. लोक काय शोधून तुमच्यापर्यंत येतात त्याची यादी दिसेल. ज्या शब्दांवर तुम्ही आठव्या ते पंधराव्या जागी आहात ती पानं आधी सुधारा. बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, तेही तिथे दिसेल. यादी बघून परत इथे लिहा.

शिरपूर_पोऱ्या
आमच्या टेलिग्राम ग्रुपमधी या ना ताई. तिथे सगळे एकमेकांच्या जाहिरातींवर क्लिक करतात. तुम्ही माझ्या दाबा, मी तुमच्या दाबतो. डॉलर पटापट चढतात.

जुना_वेबवाला
@शिरपूर_पोऱ्या, आणि खातं त्याहून पटापट बंद होतं. एकाच ग्रुपमधल्या लोकांनी रोज ठरवून दाबलेलं त्यांना कळत नाही असं वाटतं का? जमलेली रक्कम जाहिरातदारांना परत जाते आणि त्या नावानं दुसरं खातं उघडणंही कठीण होऊन बसतं. ताई, या ग्रुपच्या वाटेला जाऊ नका.

शिरपूर_पोऱ्या
माझं अजून चालू आहे.

तिरळा_कावळा
"अजून" हा शब्द आवडला.

केळीवाला_रावेर
मी केळीच्या भावाचं पान चालवतो. रोज सकाळी रावेर, यावल, चोपडा आणि बऱ्हाणपूरचे भाव टाकायचे, बस. आमच्याकडचा शेतकरी बऱ्हाणपूरचा भाव बघितल्याशिवाय व्यापाऱ्याशी बोलायला बसत नाही. जाहीर झालेला भाव आणि बांधावर मिळणारा भाव यात किती फरक पडतो ते इथे सांगत बसलो तर वेगळा धागा काढावा लागेल.

सांगायचं म्हणजे गूगलच्या जाहिराती मी काढून टाकल्या. भावाच्या तक्त्यावर कुठल्यातरी रमीची जाहिरात यायची आणि म्हातारी माणसं चुकून ती दाबायची. आता एक ठिबकवाला आणि एक रोपांची नर्सरी यांचे दोन फलक आहेत, महिन्याला ठरलेले पैसे. तेवढ्यात माझं सगळं निघतं आणि वर थोडं उरतं. ऑक्टोबरात फळपीक विम्याची मुदत जवळ आली की गर्दी वाढते, तेव्हा फलकाचा दर जरा वाढवून घेतो. नर्सरीवाला एकदा म्हणाला, बाकीच्यांच्या रोपांवर करपा जास्त येतो असं लिही. म्हटलं, फलक तुझा, लिखाण माझं.

दुसरं. माझ्या तक्त्याचे फोटो काढून लोक व्हॉट्सअॅपवर फिरवायचे, साइटवर कोणी यायचंच नाही. ओरडून उपयोग नव्हता. मग मीच रोज तक्त्याचं चित्र करायला लागलो. मधोमध फिकट अक्षरांत साइटचं नाव, खाली दोन्ही फलकवाल्यांची नावं. आता फिरवा म्हणतो जितकं फिरवायचं तितकं.

मास्तर_अमळनेर
केळीवाले भाऊंचा अनुभव लाखमोलाचा. मात्र एक शंका. सगळं व्हॉट्सअॅपवरच फिरत असेल, तर साइट हवी कशाला?

केळीवाला_रावेर
सर, माझ्यापुरतं विचाराल तर साइट नसली तरी चालेल. माझा माल रोज शिळा होतो. कालचा भाव आज कोणी विचारत नाही. ताईंचं उलट आहे. कृती शिळी होत नाही. पाच वर्षांपूर्वी लिहिलेलं बिबड्यांचं पान या उन्हाळ्यातही उघडलं जाणार. त्यांना साइट पाहिजेच.

आग्रारोड_धुळे
मी धुळ्याची. बिबडे, नागलीचे पापड, काळा मसाला, कुरडया करून विकते. माझी पण वेबसाइट आहे, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात आधी, डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासा ताई. माझी साइट एका पोरानं करून दिली. हुशार होता, पैसेही बेताचेच घेतले. पण डोमेन घेतलं ते त्याच्या ईमेलवर. तो पुण्याला नोकरीला लागला, नंबर बदलला. नूतनीकरणाची आठवण त्याच्या ईमेलवर जात राहिली आणि ऐन एप्रिलमध्ये, वाळवणाच्या हंगामात, साइट बंद. पाकिटांवर छापलेला पत्ता उघडला की भलतंच पान यायचं. दुसऱ्याच्या खुंट्याला आपली म्हैस बांधण्यातला प्रकार. तो पोरगा शेवटी सापडला म्हणून डोमेन परत मिळालं. आता खातं माझं, ईमेल माझा, पासवर्ड डब्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

आता पैशांचं. माझी विक्री साइटवर होत नाही, फोनवर होते. साइटवर फक्त काय मिळतं, दर काय, कधी तयार होईल आणि एक व्हॉट्सअॅपचं बटण. आधी मी साइटवरच पैसे भरून खरेदी करायचं कार्टही लावलं होतं. गेटवेवाले साधारण दोन टक्के घेतात आणि त्यांच्या फीवर पुन्हा 18 टक्के जीएसटी. ते परवडलंही असतं, पण बायकांना पैसे भरण्याआधी बोलायचं असतं. "लसूण जास्त आहे का?" "कडक आहेत का खुसखुशीत?" "माझ्या सासऱ्यांना दात नाहीत, चालतील का?" याचं उत्तर कार्ट देत नाही. आता क्यूआर पाठवते, पैसे सरळ बँकेत येतात, कट काही नाही.

गिरणाकाठ
@आग्रारोड_धुळे ताई, डोमेन माझ्याच नावावर आहे, आत्ता उठून तपासलं. पण तुम्ही आधीपासून व्यवसायात. मला विकण्यासारखं काही नाही, मी फक्त लिहिते.

@जुना_वेबवाला, सर्च कन्सोल बघायला बसते आज रात्री.

बामणोदकर
साइट बघितली. छान आहे. पण भरिताच्या पानावर "आसोद्याची वांगी" लिहिलंय. भरिताचं वांगं म्हटलं की बामणोद. दुरुस्ती करावी.

तिरळा_कावळा
झालं सुरू.

आसोदेकर
दुरुस्तीची काही गरज नाही. बहिणाबाईंचं माहेर आसोदं, त्यांनी काय बामणोदहून वांगी मागवली होती का?

बामणोदकर
बहिणाबाईंचा मान आहेच. वांग्यांचा विषय वेगळा.

मास्तर_अमळनेर
जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं 2016 साली, आणि ते "जळगाव भरीत वांगे" या नावानं आहे. दोन्ही गावं जिल्ह्यातच, तेव्हा तह करा.

बामणोदकर
सर म्हणताहेत म्हणून थांबतो. पण फोटोबद्दल बोलतोच. आमच्या शेतात नेटवर्क यथातथाच. भरिताचं पान उघडलं तर आधी पांढरं, मग वरून एक हिरवं देठ आलं. मी देठाकडे बघत उभा. मोटार चालू करून आलो तेव्हा अर्धं वांगं उतरलं होतं. वांगी ठेचायच्या बडगीपर्यंत पोचलोच नाही. कोणी सांगा ताईंना काय करायचं ते.

जुना_वेबवाला
हसलो, पण मुद्दा सोन्यासारखा आहे. मोबाइलमधून काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो आणि ताईंनी तो तसाच चढवलाय. रुंदी 1200 पिक्सेलवर आणा, वेबपी प्रकारात जतन करा. फोटो शंभर-दीडशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक दिसत नाही. एका पानावर असे सात फोटो आहेत म्हटल्यावर माणूस पळणारच, आणि पान हळू असेल तर गूगलही मागे टाकतो.

उधना_वासी
राम राम मंडळी. मी सुरतले ऱ्हास, गाव पारोळा. ताईनी साइट मनी बायको रोज दखस.

मराठीतच लिहितो, सगळ्यांना समजेल. इथे उधना, लिंबायत भागात आपली माणसं भरपूर. कानबाई इथेही बसते, रोट इथेही होतात. पण बिबडे करायला जागा कुठे? ज्वारी भिजवा, दळा, शिजवा, ओल्या कापडावर थापा, कडक उन्हात वाळवा. आमच्या चाळीच्या गच्चीवर चौदा घरांचे कपडे असतात. बायको ताईंची कृती वाचते आणि म्हणते, "हे कोणी करून देईल का?" गेल्या वर्षी गावाहून येणाऱ्या नातेवाइकाच्या पिशवीतून आणले, अर्ध्याचा चुरा झाला. ताई, तुम्ही विकत नसाल तर कोण विकतं तेवढं तरी लिहा ना पानाखाली.

केळीवाला_रावेर
घ्या. गिऱ्हाईक धाग्यातच आलं.

मास्तर_अमळनेर
मला वाटतं, ताईंनी धीर सोडू नये. आमच्या अमळनेरला 1945 साली वनस्पती तेलाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. लहान सुरुवातीला हसू नये.

तिरळा_कावळा
अमळनेरकर कुठल्याही धाग्यात चौथ्या पोस्टपर्यंत विप्रो आणतात. सरांनी आज फारच संयम ठेवला.

मास्तर_अमळनेर
खरी गोष्ट सांगायला संकोच कसला! बरं, गंभीरपणे सांगतो. माझा जाहिरातींना विरोध आहे. कृती वाचताना दर चार ओळींमागे पादत्राणांचं चित्र येतं, ते पदार्थाचा अपमान करणारं आहे. वर्गणी ठेवावी. वर्षाला शंभर रुपये. शंभर वाचकांनी दिले तरी दहा हजार.

आग्रारोड_धुळे
सर, राग मानू नका, पण मराठी माणूस कृतीसाठी शंभर रुपये देत नाही. तयार पाकिटासाठी तीनशे देतो आणि वर पाचशे ग्रॅम आणखी मागतो.

गिरणाकाठ
रात्री सर्च कन्सोल बघितलं. इतके दिवस उघडलंच नव्हतं म्हणा. "बिबडे कसे करतात" यापेक्षा "बिबडे कुठे मिळतील", "खान्देशी बिबडे ऑनलाइन", "काळा मसाला पार्सल" हे शोधून येणारे वरच्या ओळींत आहेत. आणि येऊन लगेच परत जात असणार, कारण माझ्याकडे फक्त कृती. मग गूगल ॲनालिटिक्समध्ये वाचकांची शहरं बघितली तर पुणे, सुरत, मुंबई, नाशिक. जळगाव-धुळे खूप खाली.

म्हणजे आपल्याकडच्या बायकांना येतंच, त्या कशाला वाचतील. वाचतात त्या बाहेर गेलेल्या.

आमच्या गल्लीत दोघीजणी उन्हाळ्यात बिबडे करून विकतात, ओळखीत. त्यांना विचारलं, मी गिऱ्हाईक आणून दिलं तर? एक लगेच तयार झाली. दुसरी म्हणाली, आधी तू ते डॉलरचं पाकीट दाखव.

जुना_वेबवाला
हेच यायला पाहिजे होतं. आता कृतीच्या पानाला हात लावू नका, ती तुमची पुण्याई आहे. खाली एक चौकट करा: करायला जमत नसेल तर इथे मिळतील. वेगळं विक्रीचं पान करा आणि त्यावर "सुरतला पार्सल", "पुण्याला पार्सल" असं स्पष्ट लिहा. पान मार्चच्या आधी तयार ठेवा. गूगलला नवं पान ओळखायला वेळ लागतो. हंगाम सुरू झाल्यावर पान टाकलं तर ते पुढच्या हंगामाला उपयोगी पडतं. आखाजी (अक्षय तृतीया), कानबाई, थंडीतलं भरीत, सगळ्यांना हाच नियम.

भुसावळ_सीए
बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. तीन गोष्टी.

ॲडसेन्सचे पैसे गूगलच्या सिंगापूरच्या कंपनीकडून येतात. रक्कम लहान असली तरी विवरणपत्रात दाखवा, बँकेत नोंद असते.

खाण्याचा पदार्थ विकणार असाल, घरी केलेला का असेना, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि पाकिटावर तो क्रमांक लागतो. नोंदणी पदार्थ बनवणारीच्या नावावर घ्या. तुम्ही फक्त गिऱ्हाईक जोडून देणार की स्वतः खरेदी करून विकणार, हे आधी ठरवा. दोन्हीची जबाबदारी वेगळी.

जीएसटी. पापड करमुक्त आहे, कायद्यात "कोणत्याही नावाने ओळखला जाणारा पापड" अशा अर्थाचे शब्द आहेत. केळीचे वेफर्स आणि मसाल्यावर कर आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही लहान असो, सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. म्हणजे सुरतला मसाला पाठवण्याआधी माझ्यासारख्या कोणाला तरी विचारा.

तिरळा_कावळा
मग बिबडा हा पापड आहे का?

भुसावळ_सीए
मी पापड मानतो. अधिकाऱ्याला खाऊ घातल्यावर तोही मानेल.

बामणोदकर
वरच्या वाक्याचा फोटो काढून ठेवलाय.

आग्रारोड_धुळे
पार्सलबद्दल माझ्याकडून. बिबडे प्लास्टिकच्या पिशवीत टाकून कुरिअरला दिले की चुरा ठरलेला. मी पत्र्याचा चौकोनी डबा वापरून बघितला, महाग पडला. आता पुठ्ठ्याचा खोका, तळाला आणि कडेनं वर्तमानपत्राचे घट्ट बोळे. खोका हलवून बघायचा, आतून आवाज आला तर आणखी बोळे. बिबडे आधी खाण्याच्या पिशवीत बंद असतात, शाईचा संबंध येत नाही. वजनानं घेतात म्हणून खोका हलका लागतो.

व्हॉट्सअॅपचं एक. ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच निरोप जातो. ग्रुप केला तर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, मग कोणीतरी बायकांना रात्री "हाय" पाठवतो. मी चॅनेल काढलंय, तिथे कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. नवा घाणा वाळला की फोटो टाकते.

शिरपूर_पोऱ्या
माझं ॲडसेन्स खातं आज बंद पडलं.

तिरळा_कावळा
ये भाऊ, बस. चहा सांगू का?

जुना_वेबवाला
अपील करता येतं. नेमकं काय झालं ते खरं लिहा. परत मिळेल अशी आशा मात्र फार ठेवू नका.

केळीवाला_रावेर
@शिरपूर_पोऱ्या, तुझी साइट कशाची होती?

शिरपूर_पोऱ्या
"झटपट कमवा" अशी होती.

गिरणाकाठ
माफ करा, पण खूप हसले.

तर माझं असं ठरतंय. गूगलच्या जाहिराती कृतींच्या पानांवर फक्त तळाशी ठेवणार, मधल्या सगळ्या काढणार. मास्तरांचं पादत्राण मलाही खुपत होतं. बिबडे आणि कुरडयांच्या पानाखाली गल्लीतल्या काकूंची चौकट, त्यांच्या नावानं नोंदणी करून. मी कमिशन घ्यायचं म्हणत होते, पण काकू म्हणाल्या, कमिशन नको, महिन्याचे ठरवून घे, हिशेब कोण ठेवणार. म्हणजे केळीवाले भाऊंसारखाच फलक झाला. पाचोऱ्याच्या लाकडी घाण्याच्या तेलवाल्याशीही बोलणं चालू आहे. आठ हजारवाल्याला नाही म्हणून कळवलं, तर म्हणतो चार हजारांत करतो.

तिरळा_कावळा
अजून दोन दिवस थांबा, तो तुम्हाला पैसे देईल.

उधना_वासी
ताई, काकूंचे पाच किलो बिबडे माझ्या नावावर लिहा. बायकोनं शेजारच्या तिघींना सांगून ठेवलंय. लसूण जास्त पाहिजे. आणि फोन कधी करायचा?

आग्रारोड_धुळे
ताई, फोनची वेळ साइटवर मोठ्या अक्षरांत लिहा. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. नाहीतर सुरतवाले रात्री अकराला फोन करून बिबडे मागतात, अनुभव आहे.

उधना_वासी
कारखान्यातून सुटायलाच अकरा वाजतात ताई, मग मागू कधी?

आग्रारोड_धुळे
बायकोला मागू द्या ना भाऊ, खाणार कोण आहे माहितीये आम्हाला.